दोन नाकी उघडी होती

सन एकोणनव्वदमध्ये मी दिवसा अंबरनाथच्या एका औषध कंपनीत पॅकिंगच्या नोंदी ठेवायचे आणि संध्याकाळी उल्हासनगरला वकिली शिकायला जायचे. त्या वर्षी नेपाळबरोबरचा व्यापाराचा करार संपला आणि आपल्या सरकारने सीमेवरची नाकी बंद केली. फक्त दोन उघडी ठेवली. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्या सरांनी लगेच वर्गात जागतिक न्यायालयातला लुटुपुटीचा खटला उभा करायचं ठरवलं. समुद्र नसलेला एक देश आणि त्याची वाट अडवणारा शेजारी. चिठ्ठ्या टाकल्या. शेजाऱ्याची बाजू माझ्याकडे आली.

मी खूश झाले. आपल्याच देशाची बाजू. मुद्देही तयार होते. करार संपला, तो वाढवून देणं बंधनकारक नाही, आणि वाट पूर्ण अडवलेली नाहीच. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायकांपुढे मी हे सगळं हातवारे करून म्हणून दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्यात एक नेपाळची होती. नवऱ्याबरोबर शहाडला राहायची, चार वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर काम करत होती. डबा बंद करत ती म्हणाली, "दो नाका खुला है, ते बरोबर. पण आमच्या गावातून तिकडे जायला तीन दिवस लागतात."

मग तिने सांगितलं. गावात रॉकेल मिळेना म्हणून तिची आई लाकडं तोडायला झाडावर चढली आणि पडली, पायाला मोठी जखम झाली. डिझेल नाही म्हणून बस बंद. भावाने तिला पाठीवरच्या टोपलीत बसवून दवाखान्यात नेलं. पोचेपर्यंत जखम सडली होती. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पत्र येऊन आठवडा झाला होता.

 मी विचारलं, "मला बोलली का नाहीस?"

"तुमच्या देशात राहून तुमच्या देशाचं वाईट कसं बोलू?"

घरी येऊन दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपण बुद्ध धम्म घेतला, त्या साली गावानं आपल्याला दुकान बंद केलं, गिरणी बंद केली. शेतातून जायची वाट काट्या टाकून अडवली. तक्रार करायला गेलो तर पाटील म्हणाला, ओढ्यातनं वाट आहे की उघडी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"ओढ्यातनं गेलो. पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ त्यातच वाहून गेला."

वीस-बावीस वर्षं मी या घरात वाढले होते. मला एक काका होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना बाजू बदलून मागितली. ते म्हणाले, "जी मिळाली तीच लढायची. शिकायला आलीयेस ना?" मी ठरवलं, उभी राहीन, पण मुद्दाम मिळमिळीत बोलेन.

पण खटल्याच्या दिवशी समोरच्या बाजूचा मुलगा अडखळला आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, "माझ्या पक्षकाराने या न्यायालयापुढे यायला संमतीच दिलेली नाही. दोन्ही देशांची संमती नसेल तर हा खटला इथे चालूच शकत नाही." सरांनी मान डोलावली. निकाल माझ्या बाजूने लागला. वाट अडवली हे बरोबर की चूक, यावर कोणी एक शब्दही बोललं नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि मी बाकावर बसले. मी हे केलं, यावर माझाच विश्वास बसेना.

सकाळी शेजारच्या टेबलावरून तिने विचारलं, "कौन जीता?"

"मी," म्हणाले. तिने माझा हात दाबला आणि कामाला लागली. त्या हाताला मी दिवसभर कोणाला हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षापर्यंत दोन्हीकडची सरकारं बदलली होती. मग बोलणी झाली आणि नाकी उघडली. कुठल्याही कोर्टाने त्यात काही केलं नाही. तिने रजा टाकली, गावी जाऊन आली आणि आईचा फोटो दाखवला. म्हातारी उंबऱ्यावर बसलेली, मांडीवर शाल. मी आधी चेहरा पाहिला नाही. शाल कुठे संपते ते पाहिलं.