होडीचा भाव

आमच्या शेडमध्ये हात यांचा चालायचा आणि भाव माझा. गाड्यांचं रबिंग-पॉलिश करावं तर यांनीच. इंदिरानगरातल्या जुन्यापान्या फियाटसुद्धा आमच्याकडून निघाल्या की त्यांत तोंड बघून घ्यावं. पण गिऱ्हाइकाने "किती झाले?" विचारलं की आमचे हे फडकं शोधायला आत पळायचे. "तुम्हीच द्या काय ते," म्हणायचे. अहो, असं म्हटल्यावर कोण देतंय? शेवटी मीच गॅलरीत उभी राहून भाव सांगायला लागले. माझ्या वडिलांचं कळवणला कापडदुकान होतं. भाव सांगून झाला की गप्प बसायचं आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं, हे मी तिथेच शिकले. त्याने कुरकुर केली, दोन पावलं जाऊन परत आला, तर भाव बरोबर. लगेच "बरं" म्हणाला, तर आपण कमी सांगितला. हे मी यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की त्यांचं पाठ झालं होतं. पाठ झालं, पण तोंडातून भाव काही कधी निघाला नाही.

धाकटा दीर यांच्याच हाताखाली शिकला. लग्न झालं आणि त्याने रस्त्यापलीकडे वेगळी शेड टाकली, बफिंगचं मशिन आणलं, वर रंगीत पाटी लावली. हे पाटी बघून आले आणि म्हणाले, "झकास झालीय." माझा मात्र नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू? यांच्या हाताची निम्मीसुद्धा सफाई त्याच्या हातात नव्हती. पण भाव सांगताना पठ्ठ्याची पापणी हलत नसे. आणि खालच्या मजल्यावर माझी जाऊ! पिंपळगावच्या कांद्याच्या आडतदाराची लेक. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी भाजीवालीला रडकुंडीला आणणार आणि वर मूठभर मिरच्या फुकट घेणार. तिच्याकडे आधी फ्रिज आला, मग फोन आला. खाली फोन वाजला की वर माझी पोळी करपायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गंगापूर धरणाच्या काठी एका शेठने छोटंसं रिसॉर्ट काढलं होतं. त्याच्या फायबरच्या होड्या उन्हाने पिठूळ पडल्या होत्या, हात लावला की बोटाला पांढरी भुकटी. दर वर्षी पावसाळ्याआधी त्यांना पॉलिश करून हवं होतं. म्हणजे वर्षाचं बांधलेलं काम! मला ते यांच्यासाठी हवं होतं. नुसत्या पैशासाठी नाही. होडीला हात लावावा तर अख्ख्या नाशकात यांनीच, हे एकदा जावेच्या कानावर पडायला हवं होतं.

हे सकाळी स्कूटरवरून होड्या बघायला गेले. आणि जाताना काय करावं? भावाला मागे बसवून नेलं! "त्यालाही बोलावलंय, मग दोन-दोन स्कूटरी कशाला न्यायच्या," म्हणे. कपाळ माझं!

परत आल्यावर मी विचारलं, "केवढी आहे होडी?"

"मारुतीपेक्षा जरा लांब."

"दारं किती?"

"होडीला कुठली दारं?"

"काचा? बंपर? डिकी?"

"काही नाही गं. नुसती पाण्यात तरंगतेय."

मारुतीचे आम्ही साडेतीनशे घ्यायचो. लांबीचे पन्नास मी वाढवले, दारांचे आणि काचांचे शंभर उतरवले. तीनशे! दीर अव्वाच्या सव्वा सांगणार हे मला ठाऊकच होतं, म्हणून काम आपल्यालाच मिळणार अशी खात्री धरून मी त्या रात्री शिरासुद्धा केला.

दुसऱ्या दिवशी मी पढवून पाठवलेले तीनशे यांनी कसेबसे सांगितले आणि तिथला मॅनेजर हसला. म्हणाला, "तीनशेत काय, ओल्या फडक्याने पुसून देणार का?" दिराने मात्र आदल्याच दिवशी, हे चहा पीत बसलेले असताना, एक होडी काठावर ओढायला लावली होती आणि टायरांवर उलटी घालून बघितली होती. खाली हिरवंगार शेवाळ आणि पाण्याच्या रेषेला क्षारांचा पांढरा थर. होडीला पोट असतं! गाडीच्या पोटाला जन्मात कुणी पॉलिश केलं नव्हतं, त्यामुळे आमच्या दोघांच्या डोक्यात ते आलंच नाही. वर त्याने मुंबईला गोदीत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारलं होतं, की होडीचा भाव कसा करतात. फुटावर करतात. त्याने फुटाला साठ सांगितले, पोट धरून. होडी सोळा फुटी. मी हिशेब करून बघितला आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. काम अर्थातच त्याला मिळालं.

जाऊ पेढे घेऊन वर आली. "ताई, दोन घ्या ना." मी एक घेतला. पेढा चांगला होता, त्याचाच मला जास्त राग आला.

पण देवाला माझी दया आली म्हणा. पहिल्याच होडीला दिराचं मशिन वळणावर अडखळलं आणि फायबरवर चट्टे पडले. हातानेच करून द्या, नाहीतर राहू द्या, असं मॅनेजरने सांगितलं. संध्याकाळी दीर जिना चढून आला. "दादा, तुझ्या हाताशिवाय नाही व्हायचं हे." झालं! हे लगेच उठून फडकी शोधायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. "भावाचं काय?"

दिराने मान खाली घातली. "वहिनी, ते तुम्ही आणि ती ठरवा. आम्हा भावाभावांत पैशाचं बोलणं बरं दिसत नाही." आमच्या घरात ही पद्धतच होती. भाऊ एकमेकांत कधी रुपयाची गोष्ट काढत नसत. त्यासाठी आम्ही दोघी होतो.

मी खाली गेले. जाऊ भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तीसने सुरुवात करायची आणि फार ताणलं तर विसावर यायचं, हे मी जिन्यातच ठरवलं होतं.

"मालमसाला तुमचा. यांच्या हाताचे फुटाला तीस," मी म्हटलं. मग गप्प बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिने मूठभर दाणे पातेल्यात टाकले. "बरं," म्हणाली. "चहा ठेवू, ताई?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बरं? कोथिंबिरीच्या जुडीपायी बाजार डोक्यावर घेणारी बाई, आणि यांच्या हातांसाठी एका शब्दाने घासाघीस नाही? म्हणजे चाळीस सांगितले असते तरी दिले असते तिने. कदाचित पन्नासही. काय किंमत करून बसले मी! चहाबिहा काही न घेता मी जिना चढले.

हे दारातच उभे होते. किती घासले तरी नखांतला पॉलिशचा पांढरा मळ काही गेला नव्हता.

"काय म्हणाली?"

"देते म्हणाली. फुटाला तीस."

"लगेच?"

मी चपला काढता काढता थांबले. इतकी वर्षं पाठ केलेलं यांनी नेमकं आज बाहेर काढलं होतं.

"लगेच कुठलं हो!" मी म्हटलं. "केवढं डोकं खाल्लं माझं! विसावरून हलायलाच तयार नाही. मी उठून दारापर्यंत आले, तेव्हा कुठे हो म्हणाली."

यांचा चेहरा असा काही फुलला. "मग बरोबर सांगितलास तू," म्हणाले, आणि उद्यासाठी चांगली मऊ फडकी निवडून पिशवीत भरायला लागले.