कुपवाडचा बर्फाचा चहा

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपमधले किस्से साठलेत. आज झाडून काढले तरी उद्या तेवढेच! नव्वदनंतरचा एक अख्खा उन्हाळा तर नुसत्या बर्फाच्या चहावर गेला. गल्लीत एखाद्याकडंच फ्रिज असायचा तेव्हाची गोष्ट.

सुरुवात केली सुभेदारमामांनी. साताऱ्याकडचे गृहस्थ, मिलिटरीतून रिटायर होऊन आमच्या गेटवर वॉचमन म्हणून बसलेले; सुभेदार ही पदवी आम्हीच दिलेली. दुपारचा चहा आला, तसे म्हणाले, "आमच्या मेसमधी सायेब लोक चहात बर्फ घालून प्यायचे. आइस टी!"

लेथवरच्या विलासला हसू आवरेना. "आवं मामा, चहा गार झाला म्हणून मी कालच बायकोवर वरडलोय. आता जाऊन माफी मागू व्हय?"

* * *

पण किडा डोक्यात शिरला तो विलासच्याच. त्याच्याकडं नुकताच फ्रिज आला होता. पठ्ठ्यानं आलं घालून दुधाचा फक्कड चहा केला आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून कामावर आला. दुपारी वडील शेतातून तापून आले. त्यांनी फ्रिज उघडला, दोन तुकडे तोंडात टाकले आणि तिथूनच ओरडले, "कुल्फीत आलं कुठल्या येड्यानं घातलंय रं?"

* * *

मामांना हे कळलं. ते गेटवरून ओरडले, "दूध न्हाई रं, लिंबू!" मशीन चालू होती. विलासला ऐकू आलं, "दुधात लिंबू!"

घरी जाऊन त्यानं दुधाच्या चहात अख्खं लिंबू पिळलं. चहा फाटला. वाया कशाला घालवा म्हणून आईनं तो म्हशीपुढं ठेवला. म्हशीनं नुसता वास घेतला आणि त्या संध्याकाळी दूधच दिलं नाही.

आई म्हणाली, "राग येनारच की! तिच्या दुधाचं आसं कराय लागलाय तुमी!"

* * *

मग माझी पाळी. माझ्याकडं फ्रिज नव्हता. मी मिरजेहून बर्फाची लादी घेतली, पोत्यात गुंडाळून स्कूटरच्या कॅरिअरला बांधली. वाटेत एक मित्र भेटला, गप्पा झाल्या. घरी येऊन पोतं सोडलं, तर आत काहीच नाही!

बायको म्हणाली, "पोतं धुवायला मिरजेला गेलावता व्हय?"

पुढच्या रविवारी बर्फ धड घरी आणला. लग्नात आहेर आलेला काचेचा ग्लास घेतला, त्यात बर्फ टाकला आणि वर उकळता चहा ओतला. टक्कन ग्लास तडकला! काच खराब असेल म्हणून दुसरा घेतला. तोही तडकला!

बायको दारात उभी. "चहा गार करायला बर्फ आणलाय. मला गार करायला काय आणलंय?"

* * *

शेवटी सुनंदाबाईंना विचारलं. त्या आमच्या स्टोअरकीपर. एक वॉशर कमी निघाला तरी कपाट उलटं करणाऱ्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही चहा करताय का वेल्डिंग?"

आणि रविवारी विलासच्या घरी येऊन स्वतः उभ्या राहिल्या. पाणी उकळून उतरवायचं, पावडर घालून चार मिनिटं झाकायचं, गाळून गरम असतानाच साखर ढवळायची. पुरता निवला की लिंबू. बर्फ सगळ्यात शेवटी. "घाई केली तर माल रिजेक्ट!"

पहिला ग्लास मामांना दिला. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. विलासनं विचारलं,

"मेसमधी आसाच लागायचा का, मामा?"

"काय म्हाईत! मी नुसता ट्रे न्यायचो. आज पयल्यांदा पितोय."

सुनंदाबाईंनी गुपचूप त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

* * *

मे महिन्यात विलासच्या बहिणीला, मंगलला, बघायला शिराळ्याहून पाहुणे आले. आधीची दोन स्थळं फिरली होती, त्यामुळं घरदार टेन्शनमध्ये. मी आणि सुनंदाबाई मदतीला. ऊन असं, की गरम चहाचं नाव काढवेना. मंगल म्हणाली, "आपला बर्फाचाच करू."

ट्रे बाहेर गेला. काचेचे ग्लास, आत तांबूस पाणी, वर किणकिणणारा बर्फ! मुलाच्या आत्याबाई ताडकन उठल्या. बाईंनी गावातल्या दारूच्या दुकानाला कुलूप लावायला लावलं होतं.

"पोरगी बघाय बोलिवलंय का प्यायला? त्ये बी दिवसाढवळ्या?"

विलासच्या वडिलांना घाम फुटला. "आवं, च्या हाय त्यो!"

"च्यात कोन बर्फ घालतं व्हय?"

तेवढ्यात मंगलच पुढं झाली. आत्याबाईंसमोर ग्लास धरून म्हणाली, "एक घोट घेऊन बघा. दारू निघाली तर मीच ह्या लग्नाला न्हाई म्हंते."

आत्याबाईंनी वास घेतला. एक घोट घेतला. मग दुसरा. मग ग्लास रिकामा करूनच खाली ठेवला.

"च्याच हाय की! आन् पोरगी बी धीराची हाय. मला पसंत!"

लग्न तिथंच जमलं म्हणायचं. विलासच्या वडिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मुलाचे वडील, जे इतका वेळ अवाक्षर न बोलता आपला ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, त्यांनी तो हळूच ट्रेमध्ये परत ठेवला.

"च्याच हाय व्हय?" ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या. आमाला आपला दुधाचाच करा."