एका चित्रात एक थाप

नाहूरला शुभा टिपणीसच्या घरी गेलात तर बिस्किटाला हात लावायच्या आधी भिंतीवरचं चित्र बघायचं. नुसतं "वा, छान" म्हणून सुटका होत नाही. "थाप सापडली का?" असं ती विचारते, आणि पाहुणा गोंधळला की तिला फार मजा येते. गॅसची पाइपलाइन तपासायला आलेल्या माणसालाही तिने सोडलेलं नाही. तो बिचारा पाना हातात धरून चित्रासमोर उभा राहिला आणि पुढच्या घरचं काम विसरला.

शुभा सकाळी मुलुंडच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि दुपारी चित्रं काढते. तिचा स्टुडिओ म्हणजे आत घेतलेली बाल्कनी. तिथे एक इझल, कॉम्प्युटर, चित्रं काढायचा टॅबलेट आणि वाळत घातलेले टॉवेल असा संसार आहे, कारण घरात दुसरीकडे ऊन येत नाही. चित्र आधी टॅबलेटवर तयार होतं. सूर्य कुठे, वारा कुठून, पाणी किती संथ हे ठरवून ती प्रकाशाच्या रेषा ओढते, एकेक सावली नियमाप्रमाणे बसवते आणि मग सगळं कॅनव्हासवर उतरवते. सगळं शास्त्रशुद्ध झालं की एका ठिकाणी, फक्त एकाच ठिकाणी, ती निसर्गाचा नियम मोडते. गच्चीवरच्या दोरीवर सगळे कपडे एका दिशेला फडफडतायत आणि एकच साडी वाऱ्याच्या विरुद्ध निघाली आहे. टपरीवरच्या कटिंग चहाची वाफ खाली उतरते आहे. याला ती थाप म्हणते. एका चित्रात एक थाप, दुसरी नाही. थाप पचायची तर बाकी सगळं खरं असावं लागतं, असं ती वर्गात सांगते, आणि मुलांना ते प्रकाशाच्या परावर्तनापेक्षा लवकर कळतं.

हा नियम तिला सुचला तो सासऱ्यांमुळे. विद्याधर टिपणीस ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात आयुष्यभर फिजिक्समध्ये रमले आणि रिटायर झाल्यावर ते सगळं घरी घेऊन आले. शुभा लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिने हौसेने एक चित्र काढलं होतं. संध्याकाळची वेळ, लांबलेल्या सावल्या, पूर्वेची खाडी आणि खाडीवर नाजूक चंद्रकोर. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. बाबांनी चष्मा वर केला.

"संध्याकाळी खाडीवर कोर? संध्याकाळी पूर्वेला उगवतो तो पौर्णिमेचा गोळा. कोर मावळतीला, डोंगरावर दिसते. हा चंद्र कुठल्या ग्रहावरचा?"

शुभाचा चेहरा खर्रकन उतरला. स्वतः फिजिक्समध्ये एमएस्सी असून ही चूक आपण करावी, याचाच तिला जास्त राग आला. पण नवी सून असली तरी ती गप्प बसणारी नव्हती.

"मुद्दाम केलंय, बाबा. तुम्ही ओळखताय का, बघत होते."

ही सरळसरळ थाप होती, आणि बाबांना ती कळली होती. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मग पुढच्या वेळी नीट मुद्दाम कर," ते म्हणाले.

तेव्हापासून हा खेळ चालू आहे. प्रत्येक नव्या चित्रातली थाप बाबांनी शोधायची. सापडली तर शुभाने निनावं, म्हणजे बेसन-गुळाची नारळाच्या दुधातली श्रावणातली वडी, करायचं, श्रावणाची वाट न बघता. नाही सापडली तर बाबांनी तिचे ब्रश धुवायचे. निनावं हा बाबांचा जीव की प्राण आणि ब्रश धुणं ही त्यांच्या दृष्टीने सक्तमजुरी, त्यामुळे ते चित्रासमोर असे उभे राहायचे की जणू समोर अणुभट्टीच आहे. इतक्या वर्षांत त्यांनी भरपूर निनावं खाल्लं. ब्रश क्वचितच धुतले, आणि धुतले तेव्हा दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत.

मग दोनेक वर्षांपूर्वी बाबा कुरकुरायला लागले. "तुझा निळा हल्ली मळका झालाय गं. स्वस्तातले रंग आणतेस का?" शुभाने दुकान बदललं, कंपनी बदलली, निळा मळकाच राहिला. चहा कपाच्या शेजारी ओतला गेला की बाबा म्हणायचे, टेबल हललं. शुभाला शंका यायला लागली होती, पण शंकेचं काय करायचं हे कळत नव्हतं.

तिची खात्री झाली ती मिठागराच्या चित्रापाशी. भांडुपच्या बाजूची मिठागरं, उथळ पाणी, त्यात फ्लेमिंगोंचा थवा. थाप अशी की एका पक्ष्याचं प्रतिबिंब पाण्यात उलटं न पडता सुलटं पडलं होतं. बाबा चित्राजवळ गेले, लांब गेले, पुन्हा जवळ आले.

"सापडली! ती डावीकडची होडी. तिचं पाण्यात प्रतिबिंबच नाही."

चित्रात होडी नव्हती. डावीकडे कोरड्या बांधावर मिठाची रास होती. शुभाने नवऱ्याकडे पाहिलं. सुबोधने पेपरात डोकं घातलं. बाबा लहान मुलासारखे निकालाची वाट बघत होते.

"बरोबर, बाबा," शुभा म्हणाली आणि आत निघून गेली. निनाव्यासाठी नारळाचं दूध काढताना तिला रडू आवरेना. आपण दया केली की फसवणूक, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. त्यानंतरच्या दोन चित्रांतही असंच झालं, आणि दोन्ही वेळा तिने "बरोबर" म्हटलं.

ह्या दयेची फळं लवकरच दिसली. डॉक्टरकडे जाऊ या, असा विषय तिने काढला की बाबा उसळायचे. "मला सगळं स्वच्छ दिसतं. दिसत नसतं तर तुझ्या थापा कोण पकडतंय?" पुरावा तिनेच त्यांच्या हातात दिला होता.

अशात मुलुंडला तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन ठरलं, तीन महिन्यांनंतरचं. शेजारच्या जयाकाकूंनी उत्साहाच्या भरात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकूनही दिलं की उद्घाटनाला मुख्य चित्रातली थाप स्वतः विद्याधरकाका सर्वांसमोर ओळखतील. खाली अंगठ्यांची रांग लागली. बाबांनी त्या दिवशी पांढरा सदरा इस्त्रीला दिला.

मुख्य चित्र शुभाने बाबांसाठीच काढलं होतं. आपल्या गच्चीवरून दिसणारी संध्याकाळ, पाण्याच्या टाक्यांच्या पूर्वेकडे लांबलेल्या सावल्या, पलीकडे खाडी, आणि निळ्या आभाळात अगदी पुसट अशी चंद्रकोर. पहिल्याच चित्रातली ती चूक आता थाप म्हणून, नीट मुद्दाम केलेली. ही कोर त्यांना दिसलीच पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. प्रदर्शनाला बाकी कोणी नाही आलं तरी चाललं असतं. आणि चारचौघांत बाबांना भलतीच होडी दिसली तर?

"अगं, सरळ सांगून टाक ना, बाबा, तुम्ही तीन वेळा चुकलात म्हणून," सुबोध म्हणाला.

"तू सांग. तुझे वडील आहेत."

"मी? नको यार. माझी वाट लावतील."

मग शुभाने तेच केलं जे तिला येत होतं. मोतीबिंदूमध्ये डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा प्रकाश अडवतं आणि सगळ्यावर धुकं आणतं, हे तिने नीट वाचून काढलं. टॅबलेटवर त्या मुख्य चित्राची एक प्रत घेतली, तिच्यातला निळा काढून टाकला, वर धुक्याचा पातळ थर दिला. कोर त्यात विरघळून गेली. मूळ चित्र आणि हे, असे दोन प्रिंट काढून तिने जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"बाबा, यातला कुठला प्रिंट चांगला आलाय?"

सुबोधने वाकून पाहिलं. एकात आभाळ निळंभोर होतं आणि दुसऱ्यात पातळ चहासारखं. बाबांनी दोन्ही प्रिंट हातात घेतले, खिडकीपाशी नेले, तिरके करून पाहिले.

"दोन्ही सारखेच आहेत की. दोन कशाला काढलेस?"

"एकातला निळा मी सगळा काढलाय, बाबा," शुभा हळूच म्हणाली. "आणि त्यावर धुकं घातलंय."

आता भडका उडणार म्हणून सुबोध दोन पावलं मागे सरकला. पण बाबांनी प्रिंट टेबलावर ठेवले आणि डोळे मिटले.

"अदलाबदल कर. मला न सांगता."

शुभाने अदलाबदल केली. बाबांनी डोळे उघडून मूळचा म्हणून एक प्रिंट दाखवला. चुकला. "पुन्हा कर." पुन्हा केली. कधी बरोबर आलं, कधी चूक. बाबा तोंडाने हिशेब ठेवत होते. शेवटी ते खुर्चीत बसले.

"नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं," ते म्हणाले. "प्रयोग चांगला मांडलास. कुठल्या डॉक्टरकडे जायचं?"

एकेक करून दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि छान झाली. पट्टी सुटल्यावर बाबांनी आधी सुबोधकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझे केस कधी पिकले रे?" मग ते घरभर फिरले. पडदे बघितले, डबे बघितले, जाळ्या कुठे कुठे लागल्यात ते जाहीर केलं. बाल्कनीत जाऊन शुभाची निळ्या रंगाची ट्यूब उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिली. "मळका नव्हता गं," एवढंच म्हणाले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये चित्रं टांगायचं काम चालू होतं. बाबा हात मागे बांधून एकेका चित्रासमोर थांबत होते. शुभा स्टुलावर चढून खिळा ठोकत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"शुभा, यातली होडी कुठे गेली?"

तिने हातोडी खाली ठेवली. आता तिथे थाप मारण्यात अर्थ नव्हता, आणि तिला मारायचीही नव्हती.

"होडी नव्हतीच, बाबा. मिठाची रास आहे ती."

"आणि तू बरोबर म्हणालीस."

"हो."

"आणखी किती वेळा?"

"त्याच्यानंतरची दोन्ही."

बाबा त्या दोन चित्रांपाशी गेले. खऱ्या थापा दोन्हीकडे चटकन सापडल्या, तरी चेहरा उजळला नाही. परत येऊन ते म्हणाले, "एका चित्रात एक थाप, असं ठरलं होतं. तू चित्राबाहेर दुसरी मारलीस."

"मला बघवत नव्हतं, बाबा," शुभा म्हणाली.

"मलाही दिसत नव्हतं," बाबा म्हणाले. "फिट्टंफाट." मग स्टूल घट्ट धरून ते म्हणाले, "चढ. तो खिळा वाकडा गेलाय."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. मुख्य चित्रावरचा पडदा बाजूला झाला. जयाकाकूंनी मोबाइल उंच धरला. बाबा पांढऱ्या सदऱ्यात पुढे झाले, आणि चित्र बघता बघता त्यांची नजर आभाळाच्या कोपऱ्यात थांबली. बाबांनी मागे वळून चष्मा नसलेल्या डोळ्यांनी सुनेकडे पाहिलं.

"हा चंद्र कुठल्या ग्रहावरचा?"

बाकीच्यांना काही कळलं नाही, पण सुबोधने टाळी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली. शुभा हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती.

सकाळी उठून ती निनाव्याच्या तयारीला लागणार, तर बाल्कनीतल्या नळाचा आवाज आला. बाबा सदऱ्याच्या बाह्या वर सारून उभे होते, आणि घरातले होते नव्हते तेवढे सगळे ब्रश त्यांनी बादलीत गोळा केले होते.

"हे काय, बाबा?"

"तीन चित्रांचे राहिलेत."

"अहो, पण ते सगळे धुतलेलेच आहेत. स्वच्छ आहेत."

"माहीत आहे. दिसतंय मला," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढचा ब्रश नळाखाली धरला.