त्यांच्या पक्षाचा नवा नेता

एश्बॉर्नहून परतताना एस-बानच्या लोकल गाडीत मला एक गृहस्थ नेहमी भेटतात. मूळचे नागपूरचे, पण बरीच वर्षं अमेरिकेत राहून तिथले नागरिक झालेले. नोकरीनं जर्मनीत आणलं, तरी जीव अडकलाय तो तिकडच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. बोलताना शेजाऱ्याच्या गुडघ्यावर थापा मारायची त्यांना सवय आहे. परवा त्यांच्या पक्षाचे खासदार सभागृहातला आपला नेता निवडत होते. "आज आपलाच माणूस येतो बघा!" म्हणत त्यांनी माझा गुडघा शेकून काढला.

तेवढ्यात फोनवर निकाल आला. त्यांचा माणूस जिंकला होता! ते ताडकन उठले, आणि नेमका बायकोचा फोन वाजला. तीही त्याच पक्षाची, पण त्याच्याविरुद्ध उभ्या राहून हरलेल्या बाईंची कट्टर समर्थक.

"रडू नकोस गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. "बाई लढल्या मात्र झकास. घरी आलो की बोलू."

फोन ठेवला आणि माझे दोन्ही हात धरून ते चक्क नाचायला लागले. "जिंकलो हो, जिंकलो!"

समोरच्या जर्मन आजींनी हसून विचारलं, "फुटबॉल?"

"गेनाऊ, गेनाऊ!" त्यांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली, आणि आजींनी मनापासून टाळ्या वाजवल्या.