पाणी कोमट आहे

गरम पाण्याच्या कुंडावर सहलीला जायचं, हा हट्ट माझा होता. घरात सगळ्यांना नवल वाटलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून देवास सोडायचं म्हटलं की मी माझी कंबर, माझी झाडं, माझ्या मालिका अशी कारणं पुढं करते, हे सगळ्यांना पाठ आहे. ह्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि विचारलं, "तुला अचानक हवापालट कशाला?" मी म्हटलं, "पोरीला सुट्टी आहे. तिला काहीतरी दाखवायला नको का?" पोरगी म्हणजे आमची नात. आठ वर्षांची आहे, इंदूरच्या शाळेत जाते आणि थंडीच्या सुट्टीत आमच्याकडं येते. तिचं नाव घेतलं की आमच्या घरात कुठलाही ठराव पास होतो.

खरं कारण माझे पाय होते. वर्षभरापासून मला पावलांमधलं काही कळेनासं झालं होतं. सुरुवातीला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या आणि मी मूर्खासारखी खूष झाले की बरं वाटतंय. मग एकदा भाजीबाजारातून परत आले तर एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठं गळून पडली हे मला कळलंच नव्हतं. ह्यांना मी सांगितलं की पट्टा तुटला म्हणून फेकून दिली. एकदा चपलेत खडा घेऊन सबंध टेकडी चढून देवीचं दर्शन करून आले. घरी येऊन पाहिलं तर तळव्याला खड्डा पडलेला होता आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

मला साखरेचा आजार आहे, चांगला जुना. तो आमच्या माहेरचाच. धारला माझ्या आईच्या पायाला शेकाच्या पिशवीनं पोळलं होतं आणि तिला ते कळलं नव्हतं. आधी तिचा अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. शेवटची वर्षं ती पलंगावर बसून, जो पाय उरला नव्हता त्याच्यावर निऱ्या नीट करत असे. ते मी पाहिलंय. म्हणून मी डॉक्टरकडं जात नव्हते. लोक म्हणतील, म्हणूनच तर जायला हवं होतं. बरोबर आहे. मीही पोरांना तीस वर्षं शहाणपण शिकवलंय, पण भीतीला शहाणपण चालत नाही. डॉक्टर पायाकडं बघतील आणि आईचं सगळं पहिल्यापासून सुरू होईल, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात शेजारच्या काकू त्या कुंडावर जाऊन आल्या. त्यांचे गुडघे धरले होते. त्या म्हणाल्या, "अहो, काय पाणी आहे! मेलेली नस जागी होते." हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. मी मनाशी ठरवलं की पाय त्या पाण्यात घालायचे. गरम लागलं तर पाय जिवंत आहेत, मग उगाच कशाला घाबरायचं. नाही लागलं तर काय करायचं, ते मात्र ठरवलं नाही.

सकाळी भाड्याच्या गाडीनं निघालो. घाट उतरून धामनोदला ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर चहा घेतला, मग मोठा रस्ता सोडून गंधवानीच्या बाजूला वळलो. नात खिडकीतून बकऱ्या मोजत होती. हे ड्रायव्हरला आमच्या घराण्यानं संस्थानच्या दरबारात काय काय केलं ते सांगत होते. तो इंदुरी थाटात "हो भिया, हो भिया" म्हणत गाडी चालवत होता. तो ऐकत नाहीये हे मला पाठीमागूनही कळत होतं. एरवी मी त्यांना चिडवलं असतं, पण त्या दिवशी माझं लक्ष पावलांवर होतं. मी चपला काढून गाडीच्या पत्र्यावर पाय टेकले. इंजिनची थरथर गुडघ्यांना लागत होती. खाली काहीच नव्हतं.

कुंड डोंगराच्या पोटाशी आहे. मला वाटलं होतं झाडी, दगड, थोडी शांतता असेल. तिथं सिमेंटच्या तीन टाक्या होत्या, एकीखाली एक, निळ्या फरश्या बसवलेल्या, स्टीलचे कठडे, फोटो काढायला एक रंगवलेला खांब आणि सगळीकडं काडेपेटी ओढल्यावर येतो तसा वास. सगळ्यांत वरच्या छोट्या टाकीत पाणी जमिनीतून उकळत वर येतं. तिच्यावर लोखंडी जाळी आहे. गावातल्या बायका त्या जाळीतून तांदळाच्या आणि बटाट्यांच्या पुरचुंड्या दोरीनं सोडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ते बटाटे मीठ लावून विकतात. नातीला त्याचं फार कौतुक वाटलं. गॅस नाही, काही नाही आणि बटाटा शिजतो. मला त्या बटाट्यांकडं बघवेना. आईचा अंगठा मला आठवत होता.

मधल्या टाकीत वरचं पाणी येतं, त्यात नळाचं गार पाणी सोडतात आणि तिथं लोक पाय घालून बसतात. सगळ्यांत खालची टाकी आंघोळीची. हे मला काकूंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तिकिटं घेताना मी थांबलेच नाही. हे आणि नात खिडकीपाशी उभे होते. तिथं देखरेखीला एक बाई होती, ती काहीतरी सांगत होती. मी सरळ मधल्या टाकीकडं निघाले. ज्याला निकालाची धास्ती असते ना, तो फळ्यासमोर पहिला जाऊन उभा राहतो, तसंच झालं.

टाकीच्या पायऱ्यांवर चार-सहा बायका बसल्या होत्या, पण कुणाचे पाय पाण्यात नव्हते. तांब्यानं थोडंथोडं पाणी घेऊन, फुंकर घालून त्या पायांवर शिंपडत होत्या. मला हसूच आलं. म्हटलं, काय ह्या बायका, इतक्या लांब येऊन तांब्याचा हिशेब करताहेत. मी कठड्याला धरून खाली उतरले, कोरड्या पायरीवर बसले, साडी थोडी वर घेतली आणि दोन्ही पावलं घोट्यापर्यंत पाण्यात सोडली.

काही झालं नाही.

मी वाट पाहिली. छातीत धडधडत होतं, ते मात्र नीट कळत होतं. नडग्यांना वाफ लागत होती. मी मनात म्हणत होते, देवा, थोडंसं तरी लागू दे, चटका बसला तरी चालेल. आणि मग मला असं वाटलं की लागतंय. अगदी पुसट, लांबून कुणी हाक मारावी तेवढं. कोमट. हो, कोमटच होतं ते. मग माझ्या लक्षात आलं, म्हणजे मी तसं ठरवलं, की पाणीच कोमट आहे, म्हणून कोमट लागतंय. गार पाणी जास्त सोडलं असेल. पाय ठणठणीत आहेत. वर्षभर उगाच जीव खाल्ला स्वतःचा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. किती सोपं होतं ते.

वरून नात आली, बूट-मोजे हातात घेऊन. तिला मी हात केला.

"ये गं, पाणी कोमट आहे."

आमच्या घरात पाणी मी बघते. ही माझी चाळीस वर्षांची मक्तेदारी. दिवाळीची आंघोळ असो, बाळाची असो, आजारी माणसाची असो, गार पाण्याचं विसण मी घालायचं आणि 'झालं' मी म्हणायचं, मग बाकीच्यांनी बादलीला हात लावायचा. म्हणून माझा शब्द ऐकल्यावर पोरगी थांबली नाही. उड्या मारत पायऱ्या उतरली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पुढच्या पायरीवर पाणी होतं. तिनं बूट बाजूला ठेवले.

नदीत, कुंडात पाय घालण्याआधी पाणी बोटांनी घेऊन डोळ्यांना लावायचं असतं. आपला पाय लागणार म्हणून आधी क्षमा मागायची असते. हे मीच तिला नर्मदेवर शिकवलं होतं. तिला मराठी वाचता येत नाही, बोलताना निम्मं हिंदी येतं, पण हे तिच्या अंगात बसलंय. मी त्या दिवशी ते विसरले होते. ती विसरली नाही. ती वाकली, बोटं पाण्यात घातली आणि लगेच मागं ओढली.

"आजी, ये तो बहुत गरम है," ती म्हणाली आणि बोटं तोंडात घातली.

मी म्हटलं, "काहीतरीच. मी बसलेय ना."

ती माझ्या पायांकडं बघायला लागली. शेजारच्या बायकाही बघायला लागल्या. तेवढ्यात वरून ती देखरेखीची बाई धावत आली. ती तिकिटाच्या खिडकीपाशी सगळ्यांना हेच सांगत होती, की आज गार पाण्याची मोटर बंद आहे, मधल्या टाकीत उतरू नका. "माँजी, पैर निकालो, पैर निकालो," ती म्हणत होती. तिच्या मागून हे आले. त्यांनी एक बोट पाण्यात बुडवलं, झटकलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की ते मी ह्या जन्मात विसरणार नाही. रागानं नाही. भ्यालेला माणूस बघतो तसं.

"पाय बाहेर काढ," ते हळूच म्हणाले.

मी काढले. घोट्याच्या खाली दोन्ही पावलं लालभडक झाली होती, जणू वेगळ्याच कुणाची आणून जोडलीत. आणि तरीही दुखत नव्हतं. मी मुद्दाम वाट पाहिली दुखण्याची. माणूस दुखणं जावं म्हणून नवस बोलतो. मी तिथं बसून दुखावं म्हणून प्रार्थना करत होते.

त्या बाईनं हातपंपाखाली माझे पाय धरले आणि बराच वेळ गार पाणी घातलं. कुणी म्हणालं टूथपेस्ट लावा, कुणी म्हणालं हळद लावा. बाई सगळ्यांना म्हणाली, "कुछ नहीं लगाना, बस पानी." मी नातीची बोटं पुन्हा पुन्हा बघत होते. ती नुसती गुलाबी झाली होती, फोड नव्हता. "दुखतंय का?" "थोडा-सा." मला हायसं वाटलं की तिला दुखतंय. आणि मग जी भीती वाटली ती आईच्या पायापेक्षा मोठी होती. पोरगी सरळ आत उतरली असती तर? मी बोलावलं होतं तिला. मी सांगितलं होतं कोमट आहे.

परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसले, ओला पंचा गुंडाळून. नात पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. हे माझ्या पायांपाशी अंग चोरून बसले होते. घराणं नाही, दरबार नाही. पंचा सुकला की बाटलीतलं पाणी घालायचे. मनावर नावाचं गाव मागं पडलं तेव्हा पहिला फोड वर आला. मी त्याच्याकडं दुसऱ्याच्या घरातलं दूध उतू जाताना बघावं तशी बघत राहिले.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच आला."

"फोडाचं नाही विचारत."

मी खिडकीबाहेर बघितलं. म्हटलं, "चुणचुणतंय आता. कळतंय मला." खोटं होतं. त्यांनी पंच्यावर पुन्हा पाणी घातलं.

धामनोदला रस्त्यालगत एक छोटा दवाखाना आहे, तिथं उतरलो. डॉक्टर तरुण होता, आमच्या मुलापेक्षा लहान. त्यानं फोड पाहिले, पट्टी तयार करायला सांगितली आणि मग विचारलं, "शुगर है माँजी? पैरों में महसूस होता है?" मी ताठ बसून म्हटलं, "होता है. सब महसूस होता है." त्यानं ह्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. मग म्हणाला की एक साधी तपासणी करतो. डोळे मिटायचे, तो घोट्यापासून बोटांपर्यंत जिथं कातडी शाबूत आहे तिथं सुई हलकेच लावणार, लागलं की मी 'हाँ' म्हणायचं.

मी जन्मभर तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. ज्याला येत नाही तो पोरगा कसा उत्तर देतो, हे मला चांगलं माहीत आहे. तो लयीवर देतो. दोन प्रश्नांमध्ये किती वेळ जातो ते ओळखायचं आणि ठोकून द्यायचं. मी डोळे मिटले. बाहेर एक ट्रक गेला. मी मनात तीनपर्यंत मोजलं आणि म्हटलं, "हाँ." पुन्हा मोजलं. "हाँ." तिसरं जरा उशिरा म्हटलं, खरं वाटावं म्हणून. "हाँ."

मग ह्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"अगं," ते म्हणाले, "त्यांनी अजून सुरुवात नाही केली. ते चष्मा पुसताहेत."

मी डोळे उघडले नाहीत. मला कुणाचंही तोंड बघायचं नव्हतं. नात तिथंच कुठंतरी उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी हात वर करून ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आता करा म्हणावं त्यांना. आता मी खोटं नाही बोलणार."

डॉक्टर म्हणाला, "शुरू करता हूँ, माँजी."

त्यानंतर तपासणी बराच वेळ चालली. मी एकदाही 'हाँ' म्हटलं नाही.