गव्हाचा शेवटचा तुकडा

लावा हा मुठीत मावेल एवढा पक्षी. रंग वाळल्या मातीचा, पाठीवर पिवळट रेघा, शेपूट जवळजवळ नाहीच. तो उभ्या पिकात राहतो आणि पाय अंगावर पडेपर्यंत उडत नाही. दबून बसतो, नाहीतर चालत दूर होतो. अशी सवय एकदा शत्रूला कळली की सापळ्याचं निम्मं काम झालेलं असतं.

शेजारच्या रानात गव्हाची कापणी चारी बाजूंनी आत सरकत होती. लावे मधल्या उभ्या तुकड्यात गोळा झाले होते. पलीकडच्या कडेला नामदेव जाळं लावून बसला होता.

"वहिनी, गुपचूप कापा. उडाले तर रात्री पिठलं खावं लागेल."

"खाऊ की पिठलं. जीव जाणार नाही तुमचा, भावजी."

वहिनीने विळा खाली ठेवला, टाळ्या वाजवल्या आणि गव्हात ढेकळं फेकली. "उडा रे मेल्यांनो."

एकही उडाला नाही. आवाजापासून दूर, माना खाली घालून, एकामागे एक चालत ते जाळ्यात शिरले.

नामदेव जाळं आवळत म्हणाला, "पुढच्या वर्षीही तुम्हीच हाका, वहिनी."