दूध डेअरीच्या सभेत ‘फाटा’चा सुधाकर

‘सुधाकर गाणार आहे,’ शैलानं फोनवर एवढंच सांगितलं आणि मी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली.

‘कुठला सुधाकर?’

‘आपला. फाटाचा.’

नव्वदच्या दशकात जे औरंगाबादेत शिकायला नव्हते त्यांच्यासाठी सांगते. ‘फाटा’ हा आमच्या कॉलेजमधल्या चार पोरांचा रॉक बँड. नाव असं, कारण चौघांच्याही गावाला जायचं तर कुठल्या ना कुठल्या फाट्यावर उतरून आत चालत जावं लागायचं. सुधाकर गायचा. केस मानेपर्यंत, हातात कुणाकडून तरी जुनी घेतलेली इलेक्ट्रिक गिटार आणि आवाज असा की अगदी शेवटच्या रांगेतल्या मुलीच्याही छातीत धडधड व्हावी. शेवटच्या रांगेतली ती मुलगी म्हणजे मी. रॉक म्हणजे इंग्रजीच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो आणि हा गडी खुशाल बीडच्या बोलीत गात होता. त्याचं फाट्याचं गाणं तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

मग एका गॅदरिंगला तेच गाणं म्हणताना, वरच्या पट्टीत, त्याचा आवाज फाटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फाटला. घशात गाठ आहे हे तेव्हा त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पोरांनी हुर्यो उडवली, शिट्ट्या मारल्या, कुणीतरी चप्पल फेकली. सुधाकरनं गिटार खाली ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेला. त्यानंतर तो गायलाच नाही. ऑपरेशन झालं, गावी गेला, एवढं कानावर आलं होतं. माझ्याजवळ त्याची शेवटची आठवण उरली ती त्याच्या पाठीची. ते गाणं मी आजही घरात गुणगुणते, पण त्या वरच्या सुराच्या अलीकडे आपोआप थांबते. पुढे गेलं की ती हुर्यो ऐकू येते.

त्यामुळे शैलाचा फोन आल्यावर आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. पुन्हा तसंच झालं तर? हे दुसऱ्यांदा बघायला मी एवढ्या लांब कशाला जायचं? दोन दिवस माझं जाऊ की नको चाललं होतं. शेवटी नवराच वैतागला. ‘जाऊन ये बाई. नाही गेलीस तर वर्षभर मलाच ऐकावं लागेल.’

शैला माझी होस्टेलची रूममेट. बीडला राहते आणि केजच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत रोज अपडाऊन करते. सुधाकर त्याच गावचा, आणि गेली कित्येक वर्षं तिथल्या दूध सोसायटीचा चेअरमन. यंदा पाऊस नाही. अशा वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेला येतं कोण? सगळे टँकरची वाट बघत बसलेले. म्हणून सेक्रेटरीनं शक्कल लढवली आणि रिक्षावर भोंगा बांधून गावभर पुकारलं, ‘सभेनंतर चेअरमन साहेब स्वतः गाणार आहेत!’ सुधाकरला हे भोंग्यावरच कळलं म्हणे.

पुण्यात शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जीपच्या भानगडीत पडू नका. नगरला गाडी थांबते तिथला वडापाव टाळा, चहा घ्या. कडा गाव मागे पडलं आणि खिडकीतलं चित्र बदललं. पोळा होऊन आठवडा उलटला होता आणि शेतात सोयाबीन घोट्याएवढं, तेही पिवळं. नाल्यांत पाण्याऐवजी वेडी बाभूळ. शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, ‘अवंदा बैलं सजवली, पण अंघोळीला पाणी न्हवतं. वल्या फडक्यानं पुसून घेतली बिचारी.’

बीडला शैलाकडे मुक्काम. नळाला पाणी पंधरवड्यानं येतं, म्हणून पाहुण्याला अर्धी बादली. तुम्ही उन्हाळ्यात किंवा अशा कोरड्या वर्षी या भागात जाणार असाल तर पिण्याचं पाणी आपलं आपण न्या, यजमानाला कानकोंडं करू नका. जेवायला मात्र येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी. ती आमटी मी अशी ओरपली की शैला म्हणाली, ‘पुण्यात उपाशी ठेवतात का गं तुला?’

दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीतून निघालो. तिचे मिस्टर वडवणीला बहिणीकडे गेले होते, म्हणून गाडी मोकळी होती. मांजरसुंब्याला डावीकडे केजकडे वळायचं. शैलाचा रोजचा रस्ता आहे हा. पण आम्ही दोघी ‘फाटा’ची गाणी आठवण्यात अशा काही रंगलो की समोर चौसाळा आलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. मग काय, तिथे उतरून चहा घेतला, खव्याचे पेढे घेतले आणि गाडी मागे वळवली. चहावाल्यानं कुठे निघालात विचारलं. शैलानं सांगितलं, ‘गाणं ऐकायला.’ तो आभाळाकडे बघत म्हणाला, ‘ऐका ऐका. पाऊस न्हाई तर गाणं तरी.’

केज ओलांडून युसूफ वडगावच्या दिशेला गेलं की आत एक फाटा लागतो. आता तिथून डांबरी रस्ता आहे, चालावं लागत नाही. डेअरी म्हणजे पत्र्याचं मोठं शेड, मागे दूध गार ठेवायचा कूलर घरघरतोय. शेडच्या बाहेर टँकरसाठी रिकाम्या घागरी आणि ड्रम नंबरानं रांगेत लावलेले. त्यांचे मालक सभेला अजून यायचे होते. आत जेमतेम वीसेक माणसं होती आणि सेक्रेटरी हातात माईक घेऊन जाहीर करत होता, ‘कोरम पूर्ण न झाल्यामुळे सभा तहकूब करण्यात येत आहे. तहकूब सभा अर्ध्या तासानं ह्याच जागी होईल!’ लोकही सवयीनं तंबाखू मळायला बाहेर आले. नियमच आहे तसा, तहकूब सभेला कोरम लागत नाही.

त्या अर्ध्या तासात शैलानं मला सुधाकरपुढे उभं केलं. शेडशेजारी लिंबाखाली खुर्ची टाकून तो कोमट पाण्यात हळद घालून पीत होता. डोकं जवळजवळ टक्कल, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. येणारा-जाणारा ‘जय भीम चेअरमन’, ‘राम राम चेअरमन’ करत होता. मी लाजले. या वयात! त्याच्याशी मी कॉलेजमध्ये एक शब्द बोललेली नव्हते.

‘लई लांबून आलात म्हणं तुमी,’ तो म्हणाला. आवाज खोल आणि थोडा खरखरीत होता.

‘मी तुमची सगळी गाणी ऐकलीत. गॅदरिंगलासुद्धा होते मी. शेवटच्या.’

हे बोलायला नको होतं, असं मला लगेच वाटलं. शैलानं माझा हातही दाबला. सुधाकरनं पेला खुर्चीच्या पायाशी ठेवला.

‘तवा होता तुमी? मग आज परत कावून आलात?’

‘तेच शेवटचं राहिलंय डोळ्यांत म्हणून. ते शेवटचं नको होतं.’

‘मला बी नको होतं,’ तो म्हणाला. ‘डॉक्टरनं जपून गा म्हणून सांगितलंय. गोठ्यात गुणगुणतो मी, म्हशी काई बोलत न्हाईत. पर माणसाम्होरं... आन आज बी फाटला तर?’

तेवढ्यात सेक्रेटरीनं घंटा वाजवली.

सोसायटीची सभा कुणी पाहिली नसेल तर मुद्दाम पाहावी. सेक्रेटरी विषय वाचतो, ‘मंजूर का?’ म्हणतो आणि वाक्य संपायच्या आत सगळे हात वर करून ‘मंजूर, मंजूर!’ करतात. प्रत्येक सभेत एक हरकतवाला असतो. इथे तो मान भुजंगरावांचा. पिळदार मिशा, फेटा आणि खणखणीत आवाज. ते मागच्या निवडणुकीत सुधाकरच्या विरोधात पडलेले. अहवालावर हरकत, कूलरच्या दुरुस्तीवर हरकत. फक्त सभासदांना सवलतीत चारा द्यायचा विषय आला तेव्हा तेवढे गप्प बसले. एव्हाना शेड भरून बाया-माणसं भिंतीला टेकून उभी राहिली होती. भोंग्यानं काम केलं होतं.

मला वाटलं सभा संपेल, मग गाणं. पण सेक्रेटरी पक्का नियमाचा माणूस. ‘विषय शेवटचा. माननीय अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय. चेअरमन साहेबांचं गाणं! मंजूर का?’

‘मंजूर, मंजूर!’

‘माझी हरकत हाय,’ भुजंगराव उठले. ‘गाणं ऐकल्याबिगर मंजूर कसं करायचं? आदी ऐकवा.’

हशा पिकला. हा माणूस हुर्यो उडवायलाच बसलाय, अशी माझी मात्र खात्री झाली.

मंडपवाल्यानं सुधाकरची तीच जुनी गिटार आपल्या स्पीकरला जोडली होती. कूलरच्या विजेमुळे ती इतक्या मोठ्यानं घूं घूं करायला लागली की पुढची पोरं कानावर हात ठेवून हसली. कूलर जरा बंद करा, असं शैला म्हणाली. सेक्रेटरी म्हणाला, ‘आन दूध नासलं तर मॅडम?’ सुधाकर टेबलापुढे उभा राहिला. त्यानं तार छेडली आणि फाट्याचं गाणं धरलं, पण पूर्वीपेक्षा कितीतरी खालून.

‘गाडीनं सोडलं फाट्यावर,
आता गाव चालत येईल का?’

‘न्हाई!’ मागून एक म्हातारी ओरडली.

सगळं शेड हसलं. झालं, मी मनात म्हटलं, सुरू झालं. पण सुधाकर थांबला नाही. त्यानं म्हातारीकडे वळून तीच ओळ पुन्हा विचारली, ‘गाव चालत येईल का?’ आणि या वेळी बायांची पूर्ण बाजू ओरडली, ‘न्हाई!’ प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, हे सभेला बसणाऱ्या माणसांना शिकवावं लागत नाही. औरंगाबादेत आम्ही हे गाणं इतकी वर्षं ऐकलं, पण उत्तर द्यायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग ती जागा आली. शेवटच्या ओळीला सूर वर चढतो ती. त्यानं ती खालून, जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली आणि सांभाळून गाणं संपवलं. चला, निभावलं.

भुजंगराव उठले.

‘हरकत हाय,’ ते म्हणाले. ‘शेवटाला चेअरमननं हात राखला. दुधात पाणी चालत न्हाई म्हणता, मग गाण्यात कावून? पुन्यांदा घ्या. तोंड उघडून घ्या.’

‘भुजंगराव, घशाचं ऑपरेशन झालंय माझ्या,’ सुधाकर माईकमध्ये म्हणाला. पहिल्यांदाच असं सगळ्यांपुढे.

‘ठावं हाय. फाटला तर फाटला. हितं कोण गवई बसलंय? सगळे आपलेच हायेत.’

सुधाकर हसला नाही. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि शेवटचं कडवं पुन्हा धरलं. आता मोठ्यानं. खरखरीत, रुंद, मला आठवत होता त्याहून जाडा आवाज. तो चढत गेला, चढत गेला. ‘गाव चालत येईल...’ आणि ‘का’वर आवाज फाटला. अगदी तसाच, तिथेच.

‘न्हाई!’ अख्खं शेड पत्रे हादरतील असं गरजलं. फाटलेला सूर त्या आरोळीत कुठच्या कुठे गेला. सुधाकर क्षणभर तोंड उघडं ठेवून उभा राहिला आणि मग मान मागे टाकून खदाखदा हसायला लागला. हसता हसताच त्यानं ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा फाटला. पुन्हा ‘न्हाई!’

‘मंजूर!’ भुजंगरावांनी हात वर केला.

‘मंजूर, मंजूर!’

मी आणि शैला दोघी रडत होतो आणि टाळ्या वाजवत होतो. शेजारच्या बाईनं काळजीनं विचारलं, ‘काय झालं ताई?’ मी म्हटलं, ‘काही नाही हो, बरं वाटलं.’ खरंच तेवढंच झालं होतं. इतक्या वर्षांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि दोन मिनिटांत शेड रिकामं झालं. सुधाकरही गिटार टेबलावर ठेवून पाइप धरायला धावला. निरोप घ्यायला गेलो तर शर्टाच्या बाह्या भिजलेल्या. ‘पेढे द्या हिकडं,’ शैलाच्या हातातली पुडी घेत तो म्हणाला, ‘आन सांगा, आता कोणतं राहील डोळ्यांत?’

‘आजचं,’ मी म्हटलं.

‘माझ्या बी,’ म्हणाला आणि पुढची घागर पाइपाखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात पोचले. नवऱ्यानं दार उघडता उघडता विचारलं, ‘कसा गायला?’

‘आवाज फाटला.’

‘अरेरे. परत?’

‘परत,’ मी म्हणाले आणि मला हसू आवरेना. त्याला सगळं समजावून सांगायला चहाचे दोन कप लागले. मी कॉलेजातल्या गायकाला पुन्हा ऐकायला गेले होते. तो आवाज आता नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. सुधाकर म्हटलं की आता पाठ दिसत नाही. मान मागे टाकून हसणारा, बाह्या भिजलेला माणूस दिसतो.

काल कुकर लावताना मी ते गाणं गुणगुणत होते. वरच्या सुराशी आले, आवाज चिरकला, आणि मी तशीच पुढे म्हणत राहिले.